अण्णांचा हीटर

पुण्यात मे महिन्यात ज्याच्या गाडीत हीटर आहे, त्याच्याकडे लोक दोन प्रकारे पाहतात. काही जण दयेनं पाहतात आणि काही जण लांबून.

आमच्या गाडीत हीटर होता. गाडी मॉरिस मायनर, १९५७ चं मॉडेल, ९४८ सीसी, ३७ घोड्यांची. पैकी किती घोडे आज हयात आहेत ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. हीटर असण्यात तिचा काही दोष नव्हता, तिचा जन्मच विलायतेतला. अलेक इसिगोनिस नावाच्या गृहस्थांनी ही गाडी कागदावर उतरवली आणि १९४८ साली लंडनला अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. नमुन्याची गाडी फारच अरुंद दिसते असं वाटल्यावर या गृहस्थांनी ती मधोमध उभी कापायला लावली आणि चार इंच रुंद केली. घरात माणसं वाढली की भिंत पाडून खोली वाढवायची, हा विचार आमच्या पेठेत नवा नाही, पण इंग्रजांनी तो गाडीवर केला. पुढे ती इतकी खपली, की दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. तिचीच एक बहीण 'बेबी हिंदुस्थान' या नावानं आपल्याकडेही तयार होत होती.

आमची मात्र अस्सल विलायती. एक डॉक्टर शिक्षण संपवून परत आले, ते १९५८ साली गाडी बरोबर घेऊनच. तिकडच्या थंडीत त्यांनी तिला हीटर बसवून घेतला होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती त्यांच्याकडून विकत घेतली. भांडवल : तीन वर्षांची शिल्लक, आईच्या दोन पाटल्या आणि आजोबांचा तीव्र विरोध.

हा हीटर म्हणजे लाडवाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी. समोरच्या फळीखाली मधोमध लटकवलेली. पेटीत एक छोटा रेडिएटर आणि त्यामागे एक पंखा. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी नळीतून आत येतं, त्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीतून परत जातं. पंखा त्यावरून वारा घालतो. बाहेरची ताजी हवा घेणारे हीटर पुढच्या मॉडेलांना आले. आमचा हीटर आतलीच हवा घ्यायचा, तापवायचा आणि आम्हालाच परत द्यायचा. आमच्याच ठेवीतून आम्हालाच कर्ज, असा तो व्यवहार.

तुम्ही म्हणाल, हीटर असला म्हणून काय झालं, लावला नाही म्हणजे झालं. इथंच तर अण्णा आड येतात.

दर मे महिन्यात आम्ही पेणला आत्याकडे जात असू. जाताना घाट उताराचा, त्यामुळे काही घडायचं नाही. परत येताना खोपोलीला अण्णा गाडी थांबवायचे, बॉनेट उघडायचे आणि इंजिनावरचा एक पितळी नळ फिरवायचे. मग गादीवर येऊन बसायचे आणि घाट सुरू होण्याच्या बेताला फळीखालचा हीटरचा खटका ओढायचे. बाहेर मे महिना, पाठीवर चिकटलेला शर्ट, आणि फळीखालून भट्टीसारखा वारा.

"अण्णा, बंद करा ना हो!" मी आणि ताई मागून ओरडायचो.

"थंड बसायचं असेल तर एसटीनं या," अण्णा म्हणायचे.

संभाषण संपलं. त्या काळच्या वडिलांना मुलांना कारण सांगायची सवय नव्हती. कारणं द्यायची ती ऑफिसात, वरच्या साहेबाला. घरी फक्त निर्णय. मग कारणं आम्हीच शोधायचो. ताईचं मत असं, की अण्णा खोपोलीला हीटरचा नळ बंद करायलाच उतरतात, पण उलटा फिरवतात. माझं मत अर्थशास्त्रीय होतं. गाडीबरोबर हीटरचेही पैसे दिलेले आहेत, तेव्हा वर्षातून एकदा तरी तो वसूल झालाच पाहिजे. अण्णा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. पेन्सिलीचं उरलेलं बोटभर टोक टोपणात बसवून लिहिणारा माणूस असा अख्खा हीटर वाया घालवणार नाही, हे मला अगदी पटलेलं होतं.

आई पुढच्या गादीवर बसायची. पाय वर ओढून, पदर गुडघ्यांभोवती गुंडाळून, कपाळावर ओला नॅपकिन ठेवून. दरवाजाची तिकोनी काच उलटी फिरवली की बाहेरचा वारा आत वळतो, तेवढा एक झोत ती मागे आमच्याकडे सोडायची. हीटर बंद करा, असं ती कधीच म्हणाली नाही. घरी आल्यावर अण्णांच्या डाव्या नडगीला ती कैलास जीवन चोळून द्यायची. क्लचवरचा पाय हीटरला खेटून असायचा आणि घाट संपेतो लालबुंद व्हायचा. स्वतःला भाजून घेऊन पैसे वसूल करणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे ही गोष्ट मी लग्नाकार्यात, बँकेच्या सहलीत, मिळेल तिथं रंगवून सांगितली. हशा हमखास. आमच्या घरात 'हीटर लावणे' हा वाक्प्रचारच होऊन बसला. अर्थ : शहाण्या माणसानं विनाकारण आडमुठेपणा करणे.

अण्णा २०१८ साली गेले. गाडी सात वर्षं ताडपत्रीखाली होती. मग एक दिवस मला वाटलं, आपणही आता पंचेचाळिशीचे झालो, निदान आपल्यापेक्षा जुनं काहीतरी चालताना पाहावं. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं गॅरेज आहे त्या चाचांनी पंधरा दिवस खटपट करून ती सुरू केली. पहिल्या फेरीला ही मोठ्या हौसेनं शेजारी बसली. दुसऱ्या चौकात हीटरमधून तांबूस गरम पाण्याची धार हिच्या नव्या चपलांवर पडली.

"हे काढून टाका," ही म्हणाली. चपलांबद्दल बोलतेय असं मला क्षणभर वाटलं. पण बोट हीटरकडे होतं.

बँकेत डेड स्टॉक रजिस्टर नावाचं एक बाड असतं. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे यांची त्यात नोंद असते, आणि योग्य वेळी त्यांच्यापुढे 'निर्लेखित' असा शेरा मारता येतो. मी मनातल्या मनात तो शेरा मारला. चाचा पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. चार नटबोल्ट काढायला चाचा कशाला, असा विचार मी केला. कॉमर्सच्या पदवीधरानं हातात पाना घेण्यापूर्वी जो विचार करायला हवा, तो हा नव्हे.

पहिलं काम, बॅटरी सोडवणं. या गाडीत बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला जोडलेलं असतं, म्हणजे सगळ्या जगाच्या उलट. जमा आणि नावे यांची अशी अदलाबदल मी कॅश काउंटरवर केली असती तर घरी बसलो असतो. दुसरं काम, रेडिएटरच्या खालचा नळ उघडून पाणी सोडणं. नळ उघडला, पण पाणी येईना. गाळ बसला होता. तारेनं टोचलं तेव्हा सगळं एकदम आलं आणि बाहीतून काखेपर्यंत गेलं.

तिसरं काम, नट. माझ्याकडे मिलीमीटरच्या पान्यांचा चकचकीत संच. हिच्या भावानं भाऊबिजेला दिलेला. गाडी इंचात. अकराचा पाना बसेना आणि बाराचा नटावर गोल गोल फिरे. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कठड्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "सात-सोळांश लागेल." शाळेत अपूर्णांक शिकताना, हे कुठं उपयोगी पडणार, असं मी गुरुजींना विचारलं होतं. उत्तर पस्तीस वर्षांनी मिळालं. अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत तो पाना सापडला. त्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली होती, आणि चिंधी काढल्यावर आत तेलाचा हात फिरवलेला. गंजाचा एक ठिपका नाही. मी जरा वेळ तो नुसताच हातात धरून बसलो.

चौथं काम, रबरी नळ्या. क्लिपा सैल केल्या तरी नळ्या हलेनात. पितळी तोंडाला चिकटून त्यांचं आणि हीटरचं अद्वैत झालेलं. पिळून ओढाव्यात असा मोह होतो. तो आवरायचा असतो, कारण आतलं तोंड मऊ असतं आणि नळीबरोबर फाटून येतं. नळी पात्यानं उभी चिरायची आणि केळ्याच्या सालासारखी सोलायची. हे पोस्टमास्तरांनी सांगितलं, पण एक तोंड मी वाकडं करून झाल्यावर. शेवटी पेटी सुटली, आणि तिच्या पोटात दडून राहिलेलं शेरभर पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

काचेवरचं दव घालवायला हीटरपासून वर दोन पन्हळी नळ्या गेलेल्या असतात. काचेच्या बुडाशी असलेल्या फटींतून त्यांची हवा बाहेर येते. त्याही काढल्या आणि झटकल्या. एक गोटी, दोन चिंचोके, ताईची निळी रिबीन आणि चार आण्यांचं एक नाणं, एवढा ऐवज निघाला.

नाणं मी ओळखलं. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. ज्या धनगरानं इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं. वरखाली करणारी माणसं तिथं नाणं टाकतात. एका वर्षी अण्णांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं. मी पुढे वाकलो आणि नाणं नेमकं काचेच्या फटीत गेलं. "टाकलं का रे?" अण्णांनी विचारलं. "टाकलं," मी म्हणालो. टाकलं होतंच. कुठं, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

नाणं खिशात ठेवलं, इंजिनावरचा पितळी नळ बंद केला, उघडी राहिलेली दोन्ही तोंडं एका आखूड नळीनं एकमेकांना जोडली आणि हीटर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. पाच स्क्रू हातात उरले. हिशेब न लागलेली रक्कम बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात, तसे ते एका डबीत टाकले. गाडीत फळीखाली इतकी जागा झाली की हिनं तिथं पिशवी ठेवून पाहिली आणि ती प्रथमच या गाडीबद्दल बरं बोलली.

मे महिन्यात पेणला आत्याच्या नातीचं लग्न निघालं. आम्ही चौघं गाडीनं गेलो. आई पुढे, ही आणि चिरंजीव मागे. जाताना काही झालं नाही. जाताना घाट उताराचा, हे मी वर सांगितलंच आहे.

परतताना खोपोलीला चहा घेतला आणि निघालो. आई म्हणाली, "नळ उघडला नाहीस?"

"हीटर काढून टाकला, आई. आता गारेगार जाऊ."

"काढलास?" असं म्हणून आई गप्प बसली. मग तिनं पाय वर ओढून घेतले आणि पदर गुडघ्यांभोवती गुंडाळला. समोर काहीच नव्हतं, हिची पिशवी होती. सवय, मी मनात म्हटलं.

या गाडीत इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा नाही. इंजिन तापल्याची अधिकृत सूचना वाफेच्या रूपानं येते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जीव तोडून फिरत असतं, पण गाडी चालते बैलगाडीच्या बेतानं. त्यामुळे रेडिएटरवर यायला हवा तेवढा वारा येत नाही. शिंगरोबाच्या अलीकडच्या वळणावर बॉनेटमधून आधी कुकरसारखी शिट्टी आली आणि मग कुकरपेक्षा पुष्कळच जास्त वाफ. मी गाडी कडेला घेतली. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नसतं, एवढं एक ज्ञान माझ्याकडे होतं. तेच वापरून आम्ही चौघंही दगडावर बसून राहिलो.

वर जाणारा एक टँकर थांबला. ड्रायव्हर साठीचा असावा. त्यानं पाण्याचा कॅन आणून दिला, बॉनेटमध्ये डोकावला, आखूड नळी पाहिली आणि विचारलं, "साहेब, हीटर कुठाय याचा?"

"काढला. या उन्हात हीटर कशाला?"

तो माझ्याकडे ज्या नजरेनं पाहू लागला, ती नजर माझ्या ओळखीची होती. खात्यावर पैसे नसताना चेक घेऊन येणाऱ्याकडे मी तशीच पाहतो. "उन्हातच तर हीटर," तो म्हणाला. "आमचे उस्ताद गाडी तापायला लागली की घाटात हीटर फुल सोडायचे. तोपण रेडिएटरच हाय की, बारका. इंजिनाची गरमी आत घ्यायची. आपण तापायचं, गाडी नाय."

मी बी.कॉम. आहे. प्रत्येक नावे रकमेला तेवढीच जमा रक्कम असलीच पाहिजे, हे मी वीस वर्षं रोज संध्याकाळी जुळवत आलो आहे. उष्णता काही नाहीशी होत नाही. ती इंजिनाच्या खात्यातून काढायची, तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात जमा करावी लागते. अण्णांनी ती आमच्या खात्यात जमा केली होती. स्वतःच्या डाव्या नडगीच्या, आईच्या पायांच्या, आणि उरलीसुरली आमच्या. घाट संपेपर्यंत ताळेबंद जुळवून गाडी खंडाळ्याला पोचवायचे. आणि तीस वर्षं मी त्या ताळेबंदावर लोकांना हसवत होतो.

टँकर गेला. मी आईजवळ जाऊन बसलो.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं त्यांनी. इथंच कुठंतरी गाडी उकळली होती. तू पोटात होतास, सातवा महिना. चार तास बसलो होतो उन्हात. त्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. मग त्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं विचारून आले. म्हणाले, थोडं तापलो तरी चालेल, पण पुन्हा अशी वाटेत बसणार नाहीस."

"मग आम्हाला का नाही कधी सांगितलं?"

आईनं नॅपकिन झटकला, पुन्हा कपाळावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठं? 'बंद करा' म्हणायचात. 'का लावलाय' असं कुणी कधी म्हणालं नाही."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास होता. मी उठून वळणापलीकडच्या शिंगरोबापाशी चालत गेलो आणि खिशातलं चार आण्यांचं नाणं काढलं. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनात नाही, हे मी काउंटरवर कितीतरी लोकांना ऐकवलेलं आहे. पण मुद्दल ते मुद्दल. ते टाकलं आणि व्याजापोटी वर वीस रुपये ठेवले. दर काय धरला ते विचारू नका.

चाचांनी परत आल्यावर माझं सगळं ऐकून घेतलं आणि आधी रेडिएटर उतरवला. तो निम्मा गाळानं भरलेला होता. "हीटर काय जादू नाही साहेब," ते म्हणाले. "पहिला मान मोठ्याचा. तो साफ पाहिजे. हीटर आपला मदतीला." त्यांनी मोठा साफ केला, छोट्याची गळती डाग देऊन बंद केली, मी वाकडं केलेलं तोंड सरळ केलं, नव्या नळ्या घातल्या आणि पेटी पूर्वीच्या जागी चढवली. मी सस्पेन्स खात्याची डबी पुढे केली. पाचही स्क्रू बसले. बँकेत असा दिवस क्वचित येतो.

पिशवीची जागा गेली म्हणून ही दोन दिवस अबोला धरून होती. तिसऱ्या दिवशी तिनं ताईला फोनवर सगळी हकीकत सांगितली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ताई एवढंच म्हणाली, "म्हणजे नळ बरोबरच फिरवत होते."

पुढच्या मे महिन्यात पुन्हा पेणला गेलो. परतताना खोपोलीला थांबलो, बॉनेट उघडलं, पितळी नळ फिरवला. घाटाच्या तोंडाशी खटका ओढला. भट्टी सुरू झाली. माझी डावी नडगी भाजू लागली आणि मला आतून कुठंतरी बरं वाटलं.

"बाबा, बंद करा ना!" मागून चिरंजीव ओरडले.

"थंड बसायचं असेल तर एसटीनं ये!" मी म्हणालो, आणि जीभ चावली. शेजारी आई तोंडाला पदर लावून हसत होती.

छे, ही चूक पुन्हा नको. मुलांना कारण सांगितलं पाहिजे. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. उष्णता म्हणजे काय, इंजिनाचं खातं, आमचं खातं, नावे, जमा, दुहेरी नोंद, मोठा रेडिएटर, छोटा रेडिएटर, काही म्हणजे काही सोडलं नाही. शिंगरोबा आला, गेला. खंडाळा दिसू लागला. इंजिन शांत होतं. मी आरशातून मागे पाहिलं.

चिरंजीव घामानं निथळत होते. ते म्हणाले, "बाबा, पुढच्या वर्षी माझं एसटीचंच तिकीट काढा."